दिवसभराची तिन्हीसांज

थंडी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा एक कारखाना होता, त्यात मी फिटर होतो. मे महिन्यात अख्खी रत्नागिरी घामाने निथळत असायची, तेव्हा मी कानटोपी आणि जुना लोकरी कोट घालून कॉम्प्रेसरच्या मागे उभा असायचो. जेवायला घरी निघालो की वाटेत लोक थांबून बघायचे. भर उन्हात कानटोपी! कुणीतरी आईला येऊन सांगितलंही होतं, पोराला एकदा दाखवून आणा म्हणून.

त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नॉर्वेला जायचं ठरलं, तेव्हा मी सोडून बाकी सगळ्यांना काळजी होती.

जायचं निमित्त असं झालं. कारखान्यात नवीन यंत्र बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला होता. अमोनिया कुठून गळतो ते सापडेना. मी नाकाने हुंगत हुंगत जाऊन जागा दाखवली. यात माझी हुशारी एवढीच, की त्या आठवड्यात कारखान्यातल्या बाकी सगळ्यांना सर्दी झाली होती. पण साहेब भारावला. परत गेल्यावर त्याने कळवलं, आमच्या गावी मासे गोठवायचा कारखाना आहे, माणूस हवा आहे, येतोस का?

आई म्हणाली, "इथला उकाडा काय चावतो काय रे तुला?"

"आई, थंडी माझ्या ओळखीची आहे."

"ओळखीची असली म्हणून काय तिच्या घरी राहायला जायचं?"

 अडचणीत सापडलो की मी हसतो. तसा हसलो आणि गेलो.

गाव नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला होतं. एक बंदर, वर डोंगर, मध्ये लाकडी रंगीत घरं. मासळीचा वास उतरल्याबरोबर नाकात गेला आणि मला इतकं बरं वाटलं की मी मनात म्हटलं, हे तर मिरकरवाडाच, फक्त इथे कुणी ओरडत नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी तिथला विनोद झालो. त्याचं असं, की मिरकरवाड्याला आमची एक पद्धत होती. थंड खोलीत काम करून बोटं बधिर झाली की दोन मिनिटं बाहेर यायचं, उन्हात उभं राहायचं, हात चोळायचे, विडी ओढणाऱ्याने विडी ओढायची आणि परत आत. ती सवय अंगात इतकी भिनलेली, की नोव्हेंबरात एके दिवशी बोटं बधिर झाल्यावर मी सरळ दार उघडून बाहेर गेलो. ऊब घ्यायला. बाहेर बर्फ पडत होता आणि वारा असा, की कानाची पाळी गळून पडेल. आत थंड खोलीत बरं होतं! पण सवय म्हणजे सवय. मी तिथे हात चोळत उभा राहिलो, आता ऊन येईल, मग ऊन येईल. काचेतून सगळा कारखाना बघत होता. पुढे कितीतरी महिने कुणाला थंडी वाजली की बाकीचे त्याला म्हणायचे, जा, बाहेर जाऊन ऊब घेऊन ये.

भाच्यांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यांना खरी वाटत नाही. मलाही आता अर्धीच वाटते.

पण सांगायचं ते हे नाही. थंडीचं मी निभावलं. कपडे घातले, गरम सूप प्यायलो, झालं. तिथे दुसरीच एक गोष्ट होती, जिचा मिरकरवाड्यात मला सराव झाला नव्हता. नोव्हेंबर सरता सरता सूर्य उगवायचा बंद होतो. उशिरा उगवतो असं नाही, उगवतच नाही. दुपारच्या सुमाराला थोडा वेळ निळसर उजेड येतो, आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा, आणि मग पुन्हा काळोख. हे जानेवारीच्या मध्यापलीकडे चालतं. पहिल्या वर्षी मी एकटा होतो, कामावर जास्तीचे तास घेत होतो, आणि एकट्या माणसाला सकाळ झाली काय न झाली काय. मी आपला झोपेतून कामाला आणि कामातून झोपेला जात राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात रत्नागिरीला आलो आणि लग्न केलं.

मुलगी आरे-वाऱ्याकडची. घर असं, की अंगणात खुर्ची टाकली की समोर समुद्र, आणि सूर्य रोज त्या अंगणासमोरच बुडायचा. जन्मल्यापासून हिने एकही सूर्यास्त चुकवला नव्हता म्हणा ना. अशा मुलीला उचलून मी तिथे नेलं, जिथे बुडायला मुळात उगवावं लागतं हेच सूर्य विसरतो. बघायला गेलो तेव्हा मी थंडीचं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. स्वेटर किती, बूट कसे. काळोखाबद्दल म्हणालो, "दिवस जरा लहान असतो." हे वाक्य हिने पुढे मला अनेकदा परत ऐकवलं.

सप्टेंबरपर्यंत सगळं छान होतं. ही सगळ्या गावात फिरून आली, बाजारात मासळी बघून नाकं मुरडली, "एवढा मोठा मासा, आणि चवच नाही" असा निकाल दिला, आणि स्वयंपाकघरातल्या एका फळीवर देव मांडले. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची. तिची आई लावायची, माझी आई लावायची, तसा. आणि दिवा लावला की आपल्याकडचे जे नियम असतात ते सगळे. केर काढायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, नखं कापायची नाहीत, सुई हातात धरायची नाही. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, तेव्हा केर काढला तर ती त्याच्याबरोबर बाहेर जाते. लहानपणापासून ऐकलेलं. मी कधी विचार केला नव्हता.

ऑक्टोबरात दिवा चारला लागायला लागला. मग तीनला. नोव्हेंबरात एकदा मी जेवायला घरी आलो तर दिवा तेवत होता.

"अगं, दुपार आहे."

"बाहेर बघा."

बघितलं. निळसर उजेड, तोही विझत आलेला. कुणीही म्हटलं असतं, तिन्हीसांज.

मला हसू आलं. कारखान्यात जाऊन सांगितलंही, की माझ्या घरी आता दुपारीच संध्याकाळ होते. पण मग सूर्य पुरताच बंद झाला, आणि दिवा सकाळी उठल्याबरोबर लागू लागला, कारण बाहेर कायम तिन्हीसांज. दिवा लागला म्हणजे केर नाही. केस विंचरायचे नाहीत. उसवलेलं शिवायचं नाही. कोपऱ्यांत कचरा साठला, हिची वेणी चार-चार दिवस तीच राहिली. मी म्हटलं, असेल, बायकांचे नियम, आपण काय बोलायचं. त्यावेळी मी स्वतःला फार समजूतदार नवरा समजत होतो.

एक दिवस घरी आलो तर ही अंथरुणात. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गावात त्या महिन्यात पडलेला तेवढाच. तिन्हीसांजेला निजू नये, हा तर सगळ्यांत मोठा नियम. घरात म्हातारं माणूस आजारी असलं तरी दिवेलागणीला त्याला उठवून बसवतात. ही बाकीचे सगळे नियम पाळत होती आणि तो एकच मोडत होती. काही न करण्याचे नियम पाळायला सोपे होते, हा एकच नियम उठायला सांगत होता. मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी उपाय सुरू केले. फिटर माणूस, मला बिघाड एकाच तऱ्हेने कळतो. थंडीमुळे होत असणार. तिसरं घोंगडं आणलं. शेगडी आणली. लोकरीचे मोजे आणले, ते तिने घातलेही.

"बरं वाटतंय का?"

"मला थंडी वाजत नाहीये," ती म्हणाली.

मग मी प्रत्येक खोलीत मोठे बल्ब लावले. घर असं लखलखलं की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीने जिन्यात भेटून विचारलं, काही समारंभ आहे का. हिने ते बल्ब एकेक करून बंद केले. डोळे दुखतात म्हणाली.

फेब्रुवारीत ऊन खिडकीपर्यंत पोचलं. ही खिडकीत जाऊन बसली, वेणी घातली, केर काढला. मला वाटलं, संपलं. मग मार्चमध्ये जेवताना, अगदी साध्या आवाजात, तिने सांगितलं.

"मेमध्ये रत्नागिरीला जायचं ना?"

"जायचंच की."

"मी परत येईन असं धरून चालू नका."

मी घास तसाच हातात धरून बसलो. ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण तसा आणखी एक हिवाळा माझ्याच्याने नाही होणार."

आता माझं सांगतो. मला तिथलं काम आवडत होतं. तसली यंत्रं हाताळायला मिळतील असं मी मिरकरवाड्यात स्वप्नातही बघितलं नव्हतं, आणि मिरकरवाड्याला माझ्या जागी दुसरा माणूस लागूनही वर्ष झालं होतं. मला ते काम हवं होतं आणि मला ही हवी होती. दोन्ही एका गावात मिळत नाहीत असं दिसत होतं. मेच्या त्या प्रवासात विमानात मी सगळा वेळ खिडकीतून ढग बघत होतो. ही झोपली होती. बऱ्याच महिन्यांनी शांत झोपली होती.

रत्नागिरीत आगोट चालू होती. पावसाच्या तोंडावर चार महिन्यांचं सगळं घरात भरून घ्यायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, मिरच्या, फणसपोळ्या, सुका जवळा, लाकडं. पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी झड आत येत नाही. आमची आई या दिवसांत सेनापती होते. मी परदेशातून आलोय, दमलोय, वगैरे काही नाही. पहिल्याच सकाळी मला लाकडं रचायला लावलं आणि हिला झाप बांधायला बरोबर घेतलं.

हिचं तिथे दोन दिवसांत फूल झालं. मीच मनातून खचलो. कारण जितकी ही खुलत होती, तितकं मला उत्तर स्पष्ट दिसत होतं. मी विचारत नव्हतो. विचारलं नाही तर उत्तर यायचं नाही, अशी माझी अक्कल.

एके दिवशी दोघी पडवीत झाप बांधत होत्या, मी पलीकडे लाकडं रचत होतो. आईने काथ्या ओढता ओढता विचारलं, "काय गो, तिकडे दिवा किती वाजता लावतेस?"

"काळोख पडला की."

"आणि काळोख कधी पडतो?"

"पडायला आधी उठायला हवा ना, आई. तो उठतच नाही."

आईने मान वर केली. "मग केर कधी काढतेस?"

हिने झापाची गाठ आवळली.

"अगो, काढतेस की नाही?"

"दिवा लावल्यावर कसा काढणार?"

आईने हातातला काथ्या सोडला आणि जी हसायला लागली, ती पदर तोंडाला लावूनही थांबेना. माझ्या हातून ओंडका निसटून पायावर पडला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"वेडी की काय तू! आषाढात इथे आठ-आठ दिवस सूर्याचं नख दिसत नाही. दुपारचं मी चिमणी घेऊन तांदूळ निवडते. मग तेव्हा काय मी घर तसंच पसरून बसते?"

"मग तुम्ही कशावरून ठरवता?"

"संध्याकाळची एसटी नाक्यावर वळली, हॉर्न वाजला, की मी हातपाय धुऊन दिवा लावते. त्याच्याआधी किती का काळोख असेना, तो पाऊस. तिन्हीसांज नाही."

"आणि दरड कोसळून एसटी आलीच नाही तर?"

"तर मी म्हणेन तेव्हा!" आई म्हणाली. "घर कुणाचं आहे? आभाळाचं?"

ही हसली नाही. ती हातातल्या झापाकडे बघत राहिली. मग एकदम तिने मला विचारलं, जणू मी त्या बोलण्यात सुरुवातीपासून होतो, "अहो, आपण तिथे आगोट भरली होती का?"

"तिथे कशाला? दुकानं उघडी असतात."

"दुकानांचं नाही विचारत."

संध्याकाळी तिने समजावून सांगितलं. अंगणात बसलो होतो. "इथे चार महिने काळोख, चिखल, घराबाहेर पाय टाकता येत नाही. कुणी रडतं का? का रडत नाही? कारण सगळे तयार असतात. पावसातली कामंसुद्धा वेगळी काढून ठेवलेली असतात. वाकळा शिवायच्या त्या पावसात. सुंभ वळायचं ते पावसात. पत्ते पावसात. आईंनी गोधडीच्या साड्या फेब्रुवारीपासून गाठोड्यात बांधून ठेवल्यात, मी हात लावला तर ओरडल्या. आपण तिथे काय केलं? उन्हाळ्यात सगळी कामं उरकली आणि काळोखात रिकामे हात घेऊन बसलो. झाप न बांधता पडवीत बसल्यासारखे."

"म्हणजे तू येतेस?"

"एका हिवाळ्याची आगोट भरते," ती म्हणाली. "त्यापुढचं मी काही बोललेली नाही. आणि तुम्ही विचारायचं नाही."

मी कबूल केलं. दुसरं करणार काय?

त्या खेपेला विमानात आमचं सामान बघण्यासारखं होतं. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळ्या, आणि सुका जवळा, जो आईने इतक्या पिशव्यांत एकात एक बांधला होता की तो कुठे आहे हे शेवटी फक्त वासावरून कळायचं. जुन्या साड्यांचं गाठोडं. मावशीच्या माळ्यावरचे जुने दिवाळी अंक. मला वाटलं, चला, वाचायला झालं. जुलैमध्ये रात्रीसुद्धा लख्ख उजेड, झोप येईना, म्हणून मी एक अंक काढला. दुसरं पान उलटतोय तोवर हिने तो हातातून ओढून घेतला.

"ते काळोखाचं आहे."

सगळंच काळोखाचं होतं. खुर्चीचा पाय डुगडुगत होता, मी पान्हा घेऊन निघालो तर "राहू दे, डिसेंबरात करा." रेडिओ खरखरत होता, डिसेंबरात. माझ्या मोज्यांना भोकं पडली, तीही डिसेंबरात. ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या घरात धड अशी एकही वस्तू उरली नव्हती. कारखान्यातला एक जण चहाला आला, खुर्चीवर बसला आणि खुर्चीसकट आडवा झाला. हिने त्याला उठायला हात दिला, पण खुर्ची दुरुस्त करू दिली नाही.

मग सूर्य गेला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दुपारी घरी आलो. बाहेर तोच निळा उजेड, आणि आत ही पदर खोचून केर काढत होती. इतका जोरात, की मी दारातच थांबलो. देवापुढे दिवा नव्हता. किनाऱ्याने गावोगाव जाणारी एक बोट रोज संध्याकाळी आमच्या धक्क्याला लागायची, लागताना भोंगा द्यायची. तो भोंगा झाला, तेव्हा हिने हातपाय धुतले आणि दिवा लावला. आमच्या घरात त्या दिवसापासून बोटीने तिन्हीसांज व्हायला लागली.

आता इथे मी म्हणायला हवं, की असा तो हिवाळा मजेत गेला. हिचा गेला. माझं काय झालं ते सांगतो.

मी धरून चाललो होतो की काळोख हा हिचा प्रश्न आहे. मी मदत करणारा. डिसेंबराच्या मध्याला कामावरून आलो की मी खुर्चीत बसायचो (तो डुगडुगणारा पाय मी अजून दुरुस्त केला नव्हता) आणि दिवाळी अंक उघडायचो. पान तेच. आठवडाभर तेच. समोर भोकांच्या मोज्यांचा ढीग. कारखान्यात माझ्याकडून एक व्हॉल्व्ह उलटा बसला, ज्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. एकदा, बोटीच्या भोंग्याला अजून वेळ होता तेव्हा, मी बसल्या बसल्या विचार करत होतो, की ही म्हणत होती तेच बरोबर, आपण गाशा गुंडाळून घरी जावं. मिरकरवाड्याला काहीतरी मिळेलच. निदान ऊन तरी मिळेल.

"उठा," ही म्हणाली.

"आज थंडी फार आहे गं."

"तुम्हाला थंडी वाजत नाहीये."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. कुठली चेष्टा नव्हती त्यात. मग तिने जमिनीवर साड्या अंथरल्या, एकीवर एक, आणि माझ्या हातात सुई दिली.

"मी?"

"मग काय आईंना बोलावू? त्या टोकाकडून सुरू करा. सरळ धावदोरा घाला. कॉम्प्रेसर उघडता, वाकळ नाही शिवता येणार?"

नाही आली शिवता. माझा धावदोरा खाडीसारखा वळणं घेत गेला. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना मला आठवलं की घरी आपलं टोक अर्धं राहिलंय. काहीतरी अर्धं राहिलंय, हे बरं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी खुर्चीचा पाय बसवला.

त्याच सुमाराला हिने जवळा भाजला. दारं-खिडक्या बंद, लाकडी घर. वास जिन्यातून खाली गेला असणार, कारण थोड्याच वेळात दार वाजलं. खालची म्हातारी शेजारीण. नवरा मासेमार होता, वारला होता, एकटी राहायची, वर्षभरात आमच्याशी ती समारंभाच्या प्रश्नापलीकडे बोलली नव्हती. मी माफीची वाक्यं जुळवतच दार उघडलं. तिने मला बाजूला केलं, स्वयंपाकघरात गेली, तव्यावर वाकून हुंगलं आणि काहीतरी बोलून खाली निघून गेली.

"काय म्हणाली?" हिने विचारलं.

"माहीत नाही. पोलिसांकडे गेली असेल."

ती परत आली ती एका हातात लाकडासारखा कडक वाळलेला अख्खा मासा आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन. आमच्या जमिनीवर बसली, मासा दगडी पाट्यावर ठेवून ठाण ठाण ठोकला, त्याचा भुगा हिच्या हातावर ठेवला आणि तोंडाकडे बोट केलं. हिने खाल्ला. मान डोलावली. म्हणाली, "आपल्या सुक्या बोंबलापुढे काही नाही, पण तिला सांगू नका." मी सांगणार कसा? मला त्या भाषेत व्हॉल्व्ह, गळती आणि बंद करा, एवढंच धड येत होतं.

मग म्हातारीची नजर वाकळीवर गेली. माझ्या टोकावर बोट ठेवून तिने भुवया उंचावल्या. हिने निर्विकारपणे मला दाखवलं. म्हातारीने माझे टाके दातांनी तोडले, सगळे, आणि नवे घातले. सरळ.

त्यानंतर ती रोज यायची. दुपारी यायची, बोटीचा भोंगा झाला की उठायची. दोघी समोरासमोर बसून शिवायच्या आणि बोलायच्या. ही मराठी-नॉर्वेजियन मिसळून, ती फक्त तिच्या भाषेत, आणि दोघींना सगळं कळायचं. जानेवारीपर्यंत हिला ती भाषा माझ्याहून चांगली यायला लागली. मला दोरा ओवायचं काम मिळालं.

पण काळोख संपत आला तसा मी पुन्हा अस्वस्थ. एका हिवाळ्याची आगोट, असं ती म्हणाली होती. डब्यांचे तळ दिसायला लागले होते. फणसपोळी संपली, आमसुलं तळाला. ही हसत होती, शिवत होती, हे खरं. पण माणूस एसटीत बसायच्या आधीसुद्धा हसतं. विचारायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी विचारलं नाही. फक्त डब्यांची झाकणं उघडून बघायचो.

जानेवारीत सूर्य परत यायचा दिवस आला. तिथे त्या दिवशी सगळं गाव वरच्या उतारावर जमतं. कामं बंद, शाळा बंद, सगळ्यांच्या हातात गोड बन, आणि दक्षिणेच्या दोन डोंगरांमधल्या फटीकडे डोळे. सूर्य तिथून जेमतेम कपाळ दाखवतो आणि जातो. आम्हीही गेलो, म्हातारीला मध्ये धरून, घसरत घसरत.

आणि त्या दिवशी ढग होते. दाट, राखाडी, अगदी आषाढातले. फट कुठे आहे तेही दिसेना. पण कुणी खाली जाईना. वेळ झाल्यावर सगळ्यांनी त्या ढगांकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या, मुलं ओरडली आणि लोक बन खायला लागले. दिसला नाही म्हणून काय, आला आहे ना, असा एकंदर हिशेब.

म्हातारीने हिच्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगितलं. इकडेतिकडे बघत, चोरून सांगावं तसं. मला त्यातला 'ऑगस्ट' कळला. आणि 'बादली.'

ही म्हणाली, "या." त्यांच्या भाषेत तो होकार.

मला राहवलं नाही. "काय विचारत होती?"

"काही नाही. त्या मागच्या पाणथळ माळावर उन्हाळ्यात पिवळी फळं होतात. करवंदांएवढी. कुणाची जागा कुणी कुणाला दाखवत नाही म्हणे, पोटच्या पोरांनाही नाही. तिची जागा ती मला दाखवणार आहे."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मग नाही म्हणू? एवढी म्हातारी बाई."

"ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्येच पिकतात ती. मी काय करू त्याला?"

"म्हणजे मेमध्ये आपण जाऊन, जूनमध्ये, मग..."

"मेमध्ये जायचंच आहे. आमसुलं संपलीत. या वेळी जवळा जास्त आणायचा, तिलाही द्यायचाय." तिने टोपी कानांवर ओढली. "आणि हे बघा, त्या माळावर तुम्ही यायचं नाही हं. तिने मला एकटीला बोलावलंय."

मी मान हलवली. मी काही बोललो असतो तरी कुणी ऐकणार नव्हतं, कारण दोघी परत सुरू झाल्या होत्या, बादली किती मोठी घ्यायची त्यावर. मी माझा बन संपवला. मग हिच्या हातात विसरून राहिलेला अर्धाही हळूच काढून घेतला आणि खाल्ला.